टेनिस न खेळणाऱ्याचें कोपर

आयुष्यांत टेनिसची रॅकेट मीं कधीं हातांत धरली नाहीं. तरी टेनिस-एल्बो म्हणतात तें दुखणें माझ्या वांट्यास आलें. पन्नाशी उलटल्यावर बॅडमिंटन आणि वजनें उचलणें हीं दोन व्यसनें मीं एकदमच लावून घेतलीं होतीं. वडील माझ्या वयाचे असतांना जिन्याच्या मध्यावर थांबत. त्या थांबण्याची धास्ती माझ्या मनांत बसलेली. तिनेंच मला तालमींत ढकललें, हें घरीं कोणाला ठाऊक नाहीं.

पहिली कळ आली ती चहाचा कप उचलतांना. उजव्या कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर कोणीं दाभण टोंचावा तसें झालें व कप बशीवर आदळला. वीस किलोंचें वजन पेलणाऱ्या हाताला कप पेलूं नये! मी मुकाट्यानें डाव्या हातानें चहा घेऊं लागलों.

"अहो, डावखुरे कधींपासून झालांत?" पत्नीनें विचारलें, तेव्हां गुपित फुटलें.

दुखणें तसें कुलीन आहे. सचिन तेंडुलकर यालाहि २००५ सालीं त्यापायीं शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पण १८७३ सालीं रुंगे नांवाच्या जर्मन वैद्यानें त्याचें प्रथम वर्णन केलें तें लेखणी चालविणाऱ्यांच्या संदर्भांत. टेनिसचें नांव मागाहून चिकटलें. तीस वर्षें उत्तरपत्रिकांवर लाल रेघा ओढणाऱ्या मला हें वाचून उगीचच बरें वाटलें.

एका डॉक्टरांनीं स्टेरॉइडचें इंजेक्शन दिलें. चार दिवसांत कळ गेली, आणि पांचव्या दिवशीं मी तालमींत! दोन महिन्यांनीं दुखणें परतलें तें व्याजासकट. अशा इंजेक्शननें कांहीं आठवडे आराम पडतो, पण वर्षअखेर तें घेणारे न घेणाऱ्यांच्या मागें पडलेले आढळतात, हें मला नंतर समजलें. मग मीं तीन महिने हात अगदीं बांधून ठेवल्यासारखा ठेवला. सुटला, आणि पहिल्याच फटक्याला पुन्हां तीच कळ. त्या रात्रीं मला जिना आठवला.

शेवटीं एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेलों; ती आतां फिजिओथेरपिस्ट आहे. तिनें सांगितलें कीं, मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा तेथें हाडाला जोडलेला असतो. जुनाट दुखण्यांत त्याला सूज फारशी नसते. त्याचे तंतू झिजून विस्कटलेले असतात. नुसत्या विश्रांतीनें ते बळावत नाहींत. बेताबेतानें भार घालावा लागतो. मग तिनें माझा हात टेबलावर पालथा ठेविला, मनगट कडेबाहेर, मुठींत एक किलोचें वजन.

"सर, उचलायचें डाव्या हाताच्या मदतीनें. उजव्यानें फक्त खालीं आणायचें. सावकाश."

एक किलो! शेजारीं एक शाळकरी मुलगा याहून जड वजन हलवीत होता. मीं घाईनें दोनतीनदां केलें. "सर, घाई नको, पुन्हां," ती म्हणाली. कविता भरभर वाचणाऱ्या हिला मीं वर्गांत हेंच वाक्य ऐकविलें होतें. तिच्या तें ध्यानांत असावें.

थोडें दुखलें तर चालेल, दुसऱ्या सकाळपर्यंत राहिलें तर भार कमी करावयाचा, पिशवी उचलतांना तळवा वर ठेवावयाचा, एवढेच नियम. चार महिने झाले. वजन तीन किलोंवर आलें आहे. कप उजव्या हातांत परतला. कोर्टावर मात्र अजून गेलों नाहीं. पुढल्या महिन्यांत जाईन म्हणतों. तिच्या सांगण्यावरून रॅकेटची मूठ जरा जाड करून घेतली आहे.