चिकाचा डाग

केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा त्याला रंगच नसतो. पाण्याचा थेंब वाटावा असा. वाळला की तो तपकिरी होतो आणि पुढे काळपट. चिकातले टॅनिनसारखे पदार्थ हवा लागली की काळवंडतात आणि सुती धाग्याला धरून बसतात. साबणाने ते हलत नाहीत. आमच्या रावेर-यावलकडे केळीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हा डाग कापडाबरोबरच जातो असं सांगेल.

2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. गावात माणसाचं मानांकन मात्र कपड्यांवरून ठरतं. आमचे आबा बागेचे मालक. त्यांचे कपड्यांचे दोन जोड होते. बागेत जायचा डागाळलेला आणि बाजाराला जायचा पांढराशुभ्र. घड कापून खांद्यावर वाहणाऱ्यांकडे हा दुसरा जोड नसायचा. त्यांच्या पोरांना शाळेत मात्र पांढराच शर्ट लागायचा. तोच एक चांगला शर्ट, म्हणून शाळा सुटल्यावर बागेतही अंगात तोच.

असे शर्ट मग आजीकडे यायचे. गावच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, ती थोडी मागून आणायची. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने 1799 मध्ये या पावडरीचं पेटंट घेतलं. त्याआधी कापड पांढरं करायला आठवडेच्या आठवडे उन्हात पसरून ठेवावं लागे. आजीला टेनंट माहीत नव्हता, पण पावडर थेट कपड्यावर टाकायची नाही हे पक्कं माहीत होतं. ती पाण्यात कालवून निवू द्यायची आणि वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्यायची. न विरघळलेला कण कपड्यावर राहिला तर तिथे भोक पडतं. आजी शर्ट थोडाच वेळ बुडवायची, मग तीनदा साध्या पाण्यातून काढायची आणि शेवटी नीळ द्यायची. नीळ डाग काढत नाही. पिवळटपणावर निळसर छटा चढते आणि डोळ्याला कापड पांढरं दिसतं.

पुढे बाबांच्या नोकरीमुळे आम्ही धुळ्याला आलो. पावडरीच्या जागी ब्लीचची बाटली आली आणि विहिरीच्या जागी बोअर. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचने कपडे पांढरे व्हायच्या ऐवजी तांबूस-पिवळे होतात, कारण त्या लोहाचा गंजच कापडावर बसतो. रेशीम आणि लोकर तर ब्लीचने खराबच होतात. टेरिकॉटही पिवळं पडू शकतं. पण खरी भीती वेगळी. आजी अंगणात, मोकळ्या हवेत हे काम करायची. आई चार बाय चारच्या बाथरूममध्ये करते, आणि तिथेच संडास धुवायच्या ॲसिडची बाटलीही असते. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. खोकला येतो, श्वास कोंडतो. अशा वेळी आधी बाहेर पडायचं, बादलीचं नंतर बघायचं. अमोनिया असलेलं काही मिसळलं तरी घातक वायूच तयार होतो. आमच्याकडे आता या दोन बाटल्या एका खोलीत ठेवत नाहीत.

ब्लीच फक्त डाग खात नाही, धागाही खातं. दर वेळी कापूस थोडा कमजोर होतो. ज्याच्याकडे पाच शर्ट आहेत, त्याच्या एका शर्टावर ही पाळी क्वचित येते. ज्याच्याकडे एकच आहे, त्याचा तोच शर्ट पुन्हा पुन्हा ब्लीचमध्ये जातो आणि सगळ्यात आधी विरतो. म्हणजे पांढरेपणाची किंमत तोच जास्त मोजतो, ज्याला ती कमी परवडते.

म्हणून एखाद्या पोराचा कॉलरला विरलेला, पण लख्ख पांढरा शर्ट दिसला की त्याला कुणी गबाळा म्हटलेलं मला सहन होत नाही. त्या कॉलरमागे कुणीतरी फडक्यातून गाळलेलं पाणी असतं.