चार कलमांवर थांबलेले वचन

ऑक्टोबर १९५१. मंत्रिपदाचा राजीनामा का दिला, हे सांगण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हंगामी संसदेत आले होते. निवेदनाची प्रत आधी सादर करावी, असा पीठासीन उपाध्यक्षांचा आग्रह होता. आंबेडकरांना तो मान्य झाला नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले.

त्या निवेदनात तक्रारी अनेक होत्या. अनुसूचित जातींची उपेक्षा होती, परराष्ट्र धोरण होते, मंत्रिमंडळाच्या समित्यांतून वगळले जाण्याचे शल्य होते. पण राजीनाम्याचे निर्णायक कारण ठरले ते हिंदू कोड बिल. येथे एक बारकावा सहसा निसटतो. नेहरूंच्या प्रामाणिकपणावर आंबेडकरांनी शंका घेतलेली नाही. बिल तडीस नेण्यास जी कळकळ आणि जो निर्धार लागतो तो पंतप्रधानांपाशी दिसला नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मध्यममार्गी नेत्याच्या पुरोगामी वचनावर किती विसंबावे, या वादात सगळे नेत्याचे मन तपासत बसतात. आंबेडकरांनी मन सोडून दिले आणि कृतीवर बोट ठेवले.

नेहरूंना मध्यममार्गी म्हणणे काहींना खटकेल. विचारांनी ते डावीकडे झुकलेले होते, हे खरे. परंतु ज्या काँग्रेसचे ते पुढारी होते, तिच्यात सनातनी होते, जमीनदार होते आणि समाजवादीही होते. या सर्वांना एकत्र ठेवून सरकार चालवणारे नेहरू मध्यावरच उभे असत. येथे प्रश्न त्याच नेहरूंचा आहे.

बिलात असे होते तरी काय? एकपत्नीत्व, घटस्फोट, आंतरजातीय विवाहास मान्यता. यांपैकी बरेचसे नवे नव्हते. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ साली घटस्फोटाचा कायदा केलाच होता. खरा घाव होता मालमत्तेवर. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पुत्राला जन्मतःच मिळणारा हक्क संपवायचा आणि कन्येला पुत्राइतकाच वारसा द्यायचा, असा तो मसुदा होता. धर्म बुडाल्याची हाकाटी झाली तिच्यामागे सात-बाऱ्याची चिंता किती होती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या बिलाबरोबर आपले सरकार तरेल किंवा बुडेल, अशा आशयाची ग्वाही नेहरूंनी दिली होती. सप्टेंबर १९५१ मध्ये बिल पुन्हा चर्चेस आले तेव्हा वारे फिरले होते. करपात्री महाराजांच्या नेतृत्वाखाली सनातन्यांची आंदोलने चालू होती. लोकांनी थेट न निवडलेल्या संसदेने असा कायदा करू नये, अशी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांची लेखी हरकत होती. निवडणूक तोंडावर आली होती. आधी संपूर्ण बिलाऐवजी विवाह व घटस्फोट एवढाच भाग घेण्याचे ठरले. मग चार कलमे संमत झाल्यावर तोही सोडून देण्यात आला. सरकार मात्र बुडाले नाही.

नेहरूंच्या बाजूनेही बोलले पाहिजे. निवडणुकीत त्यांनी हा विषय लपवला नाही. फुलपूरला प्रभुदत्त ब्रह्मचारी याच मुद्द्यावर त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला मिळाल्या. त्यानंतर एका बिलाचे चार कायदे झाले: १९५५ साली विवाह, १९५६ साली वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व निर्वाह. आधी जनादेश, मग कायदा, हा युक्तिवाद पोकळ नाही. १९५१ मध्ये हट्ट धरला असता तर कदाचित काहीच हाती लागले नसते.

त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईत आंबेडकरांचा काँग्रेसच्या उमेदवाराने पराभव केला. ते राज्यसभेवर गेले खरे. पण हे कायदे संसदेत चालवण्याची जबाबदारी ह. वि. पाटसकर या दुसऱ्याच मराठी मंत्र्याकडे होती.

आणि पाळलेल्या वचनाचे माप घेतले की काटा हलतो. १९५६ च्या वारसा कायद्याने पुत्राचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. आई हयात नाही, एक मुलगा व एक मुलगी आहे, असे घर घ्या. वडिलार्जित मिळकत रुपयाची धरली तर वडील वारताच आठ आणे मुलाचे आधीपासूनचेच. उरलेल्या आठ आण्यांत दोघे समान वाटेकरी. म्हणजे भाऊ बारा आणे, बहीण चार आणे. राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्कही तिला नव्हता. भावांनी वाटणी करायची ठरवली तरच तिला वाटा. एवढे करूनही कायद्याच्या भाषेत मुलगी आता ‘समान वारस’ होती.

ही उणीव भरायला २००५ साल उजाडावे लागले. महाराष्ट्राने १९९४ मध्येच दुरुस्ती केली होती. पण कायदा येण्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळून. जन्मतः हक्क आहे म्हणजे २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हा खुलासा सर्वोच्च न्यायालयाकडून आला तो २०२० मध्ये.

पक्ष एकसंध राहिला, निवडणूक जिंकली, कायदाही झाला. थांबण्याची किंमत या तिघांपैकी कुणाच्याच खात्यावर पडली नाही. १९५१ साली जी विशीत होती ती स्त्री २००५ साली पंचाहत्तरीला टेकली होती, आणि तोवर बहुतेक माहेरांतल्या वाटण्या कधीच होऊन गेल्या होत्या. झालेल्या नोंदणीकृत वाटण्या २००५ च्या दुरुस्तीनेही उकरायच्या नव्हत्या.