काचेमागचा डोळा

खंबाटकीचा घाट चढताना पुढल्या मालट्रकच्या चाकाखालून खडा उडाला आणि आमच्या नव्याकोऱ्या गाडीच्या काचेवर टिकलीएवढा तडा उमटला. साताऱ्यापर्यंत त्याची वीतभर रेघ झाली. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात; पण सौभाग्यवतींचे लक्ष त्या रेघेकडेच!

कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी नवी काच बसली. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, म्हणून फुटली तरी ती अंगावर कोसळत नाही, हे तिथे कळले. चिकटवणारा लेप सुकला. बेळगावला बहीण जेवायची खोळंबलेली. मी किल्ली मागितली.

"न्हाई काका," मिस्त्री म्हणाले. "आरशामागं कॅमेरा हाय. डोळा तिरपा ऱ्हायला तर गाडी भलत्याच जागी ब्रेक मारंल. मागं नातवंडं हाईत न्हवं?"

मी मुकाट्याने बाकावर बसलो. काच केसभर इकडेतिकडे झाली, तरी कॅमेऱ्याला रस्ता वाकडा दिसतो म्हणे! सपाट फरशीवर, टेपने अंतर मोजून त्यांनी चौकटींचा फळा गाडीसमोर उभा केला. गाडी शाळकरी पोरासारखी त्याच्याकडे टक लावून राहिली. या परीक्षेची फी निराळी, हे सांगायला नकोच.

बेळगावला दिवेलागणीला पोचलो. जेवण निवले होते. कुंदा मात्र बहिणीने झाकून ठेवला होता.