वेळ अमावास्येचे आभाळ

चाळिशी उलटलेल्या माणसाने नवे छंद लावून घेऊ नयेत, असे आमच्या घरात एक मत आहे. ते अर्थातच माझे नाही. तरीही २०२४ च्या दसऱ्याला मी दुर्बीण विकत घेतली, ती केवळ हौस म्हणून नव्हे. माझ्या एका विद्यार्थ्याने मला तसे करणे भाग पाडले.

धाराशिवच्या आमच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो. पाऊस-नक्षत्रांवरच्या म्हणींचा तास चालला होता. मृग, आर्द्रा, हस्त अशी नावे मी मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मिरग आभाळात कुठं असतोय?" मुलगा लोहारा तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. प्रश्न सरळ होता आणि मला उत्तर येत नव्हते. वीस वर्षे मी 'नक्षत्र' हा शब्द उच्चारीत आलो, पण बोट करून एक नक्षत्र दाखवायची माझी तयारी नव्हती. "उद्या सांगतो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो उद्या पुढे दोन महिने लांबला.

दुर्बीण आली ती मोठ्या खोक्यातून, सुट्या भागांत. तिला पुढच्या बाजूला भिंग नव्हते. लांब नळीच्या तळाशी साडेचार इंच व्यासाचा एक अंतर्गोल आरसा, तोंडाशी तिरपा बसवलेला एक चिमुकला सपाट आरसा, आणि पाहायचे ते नळीच्या बगलेतून. आरशाची अशी दुर्बीण न्यूटनने १६६८ साली प्रथम बनवली. महाराष्ट्रालाही ती नवी नाही. पुण्यात कावसजी नेगमवाला यांनी १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभारली, तिथली दुर्बीण २० इंची आरशाची होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. माझी नळी त्याच घराण्यातली, फक्त फार दूरची आणि गरीब नातेवाईक.

पहिल्या रात्री गच्चीवर मी ती उभी केली आणि डोळा लावला. मिट्ट काळोख. बऱ्याच वेळाने सौभाग्यवतींनी नळीच्या तोंडावरचे झाकण काढून माझ्या हातात दिले. झाकण निघाले तरी चंद्र काही सापडेना. दुर्बिणीतून आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की, चंद्राएवढी वस्तूही हुलकावणी देते. ज्या छोट्या शोधक दुर्बिणीतून नेम धरायचा, ती एकीकडे पाहत होती आणि मोठी दुर्बीण दुसरीकडे. दोघींचे एकमत करायचे काम दिवसाउजेडी करावे लागते, हे मला आठ दिवसांनी उमगले. दूरच्या मोबाईल टॉवरचे टोक आधी मोठ्या दुर्बिणीत आणले, मग शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर बसवले. टॉवर उलटा दिसला. आकाशाला वर-खाली नसल्यामुळे त्याचे काही बिघडत नाही.

तिपाईवरचा आस हे दुसरे दुखणे. तो ध्रुवताऱ्याकडे रोखला म्हणजे एकच खुंटी हलक्या हाताने फिरवून तारा नजरेत धरून ठेवता येतो. नाहीतर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा मिनिटाभरात निसटतो. आपल्या गावाचे जे अक्षांश, तेवढाच ध्रुव क्षितिजापासून उंच. धाराशिवला तो सुमारे १८ अंशांवर. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश. दोन मुठींनाही कमीच. आमच्या गच्चीवरून नेमका तिथे शेजाऱ्यांचा कडुनिंब होता.

त्यातच शहराचे दिवे. हे गाऱ्हाणे मी वर्गात बोलून दाखवले, तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "सर, येळवशीला आमच्या शेतात या. तिथं लाईट न्हाई."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडचा हा सण बाहेरच्यांना फारसा ठाऊक नसतो. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा मांडायची, ज्वारीच्या पिकात आंबील शिंपडायची, आणि भज्जी, उंडे, खीर असे जेवण ओळखी-अनोळखी सर्वांना आग्रहाने वाढायचे. २०२४ साली ती ३० डिसेंबरला आली. सणही मिळणार आणि चंद्र नसलेली रात्रही मिळणार, म्हणून मी होकार दिला.

एस.टी.त माझ्या मांडीवर ते लांब खोके पाहून कंडक्टरने विचारले, "तोफ का काय?" तुळजापूर मागे पडले, नळदुर्ग आले. खिडकीतून किल्ल्याची तटबंदी दिसत होती. बोरी नदी अडवून तिच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला तिथला पाणीमहाल मी पुष्कळदा पाहिला आहे. तोफेच्या गावावरून तोफ घेऊन चाललो आहोत, असे वाटून मला हसू आले. लोहाऱ्यापासून पुढचा प्रवास ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पाच-सहा पोरे आणि आंबिलीचे मडके यांच्या सोबतीने झाला.

जेवणे झाली. ऊन कलल्यावर मी कामाला लागलो. नांगरटीच्या मातीत तिपाईचे पाय रुततात, म्हणून खाली तीन चपटे दगड घेतले. दिवसभर तापलेला आरसा थंड व्हावा म्हणून नळी अर्धा तास उघड्यावर ठेवली. नाहीतर आतल्या गरम हवेने चित्र पाण्यात पाहिल्यासारखे हलते. बॅटरीला लाल कागद गुंडाळला, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि पांढरा उजेड एका क्षणात ती कमाई उधळतो. उत्तरेला तुरीच्या शेंड्यांवर ध्रुव उगाच लपल्यासारखा दिसत होता, पण दिसत होता.

पश्चिमेला शुक्र होता. दुर्बिणीत तो अर्ध्या चंद्रासारखा दिसला आणि पोरांनी गलका केला. मग शनीची पातळ कडी, मग पूर्वेकडून चढलेला गुरू आणि त्याच्या बाजूला एका ओळीत बसलेले चंद्रांचे ठिपके. आयाबायाही पदर सावरीत रांगेत उभ्या राहिल्या. फक्त घरातले आजोबा आले नाहीत. ते कोपीच्या तोंडाशी घोंगडे पांघरून, पाठ वळवून बसले होते. "आबा रातचं वर बघत न्हाईत," मुलगा हळूच म्हणाला. "भूकंपापास्नं."

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे कोसळली. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. थंडी-उन्हात सुख देणारी तीच घरे माणसांवर आली. हजारो माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. या घरातली एक मुलगी त्या पहाटे गेली, आजोबांची धाकटी लेक.

दहाच्या सुमाराला मंडळी गावाकडे परतली. मी, तो मुलगा आणि आजोबा राखणीला राहिलो. दंव पडू लागले होते. आजोबा उठून जवळ आले. "गुरुजी, काय बघायलाव?" मी काही बोलण्याआधीच त्यांची मान वर गेली आणि ते तसेच थबकले. कृत्तिकांचा पुंजका थेट डोक्यावर, आग्नेयेला तिकांडे, त्याच्या खाली व्याध.

"हेच," ते म्हणाले. "त्या रातीचं आभाळ. लेकीला काढलं, मांडीवर घेऊन बसलो, धूळ खाली बसली, वर बघितलं, तर हेच तिकांडं. ह्याच जागी. चांदणं तेवढं होतं."

मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर माझा विश्वास बसला नाही. भादव्यातली पहाट कुठे आणि मार्गशीर्षातली रात्र कुठे! दुःखाला सगळीच आभाळे सारखी दिसतात, असे काहीतरी माझ्यातल्या मराठीच्या मास्तराला सुचलेही. पण मग मी हिशेब केला. तारे रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतात. ३० सप्टेंबर ते ३० डिसेंबर दिवस ९१. म्हणजे सहा तास. सप्टेंबरातल्या त्या पहाटे चारला जे तारे जिथे होते, तिथेच ते डिसेंबरच्या या रात्री दहाला असतात. माझ्या घड्याळात दहाला पाच मिनिटे कमी होती. चांदणे होते, हेही खरे. चतुर्दशीनंतरची ती पहाट. आजोबांनी एकतीस वर्षे ते आभाळ मिनिटाच्या हिशेबाने जपून ठेवले होते.

"आबा, बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "आणि हे तिकांडं म्हणजेच मिरग. व्याधाने मारलेला बाण तो, मृगाच्या पोटात अडकलेला."

"ह्यो मिरग?" साठ पेरण्या केलेल्या माणसाने मृग कधी पाहिलाच नव्हता. दोष त्यांचा नाही. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात येतो, म्हणून आपण 'मृग निघाला' म्हणतो. पण सूर्य तिथे असल्यामुळेच तेव्हा मृग दिसत नाही. ज्याच्या नावाने पेरायचे तो दिसतो हिवाळ्यात, पीक उभे असताना. वर्गातल्या त्या प्रश्नाला अखेर मी उत्तर दिले, पण प्रश्न विचारणाऱ्याच्या आजोबांना.

तिकांड्याच्या खाली अंधूक डाग आहे, त्यावर मी नळी वळवली आणि ३६ पट मोठे दाखवणारे भिंग लावले. आजोबांनी टोपी काढून डोळा लावला. बराच वेळ लावला.

"धूर दिसायलाय."

"धूर नाही, वायू आणि धूळ. तिथे नवे तारे जन्मतात. हा उजेड तिथून निघून तेराशे वर्षांवर झाली."

"आणि तो पुंजका?"

"कृत्तिकांचा सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीचा. नळदुर्गचा पाणीमहाल बांधला त्याच्याही थोडा आधीचा."

त्यांनी मान हलवली. पुन्हा डोळा लावला आणि तारा निसटला तशी, न सांगता, स्वतःच खुंटी फिरवून तो परत आणला. तिफण सरळ रेघेत धरणारा हात तो. माझ्यापेक्षा हलका होता. आम्ही फारसे बोललो नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चार वर्षांची होती." मग पुन्हा नळीशी वाकले.

आमच्या जिल्ह्याची कीर्ती दुष्काळाची. इथल्या शेतकऱ्याला निरभ्र आकाशाचा धाक वाटतो, आणि मी मात्र दुर्बीण घेऊन तेच मागत बसतो. त्या रात्रीनंतर आकाश मागताना थोडा संकोच वाटतो. पण अंधार असा अजून शिल्लक आहे आणि त्यात माणूस आपले हरवलेले काही ओळखू शकतो, हेही तिथेच कळले.

२०२५ च्या जूनमध्ये त्या मुलाचा फोन आला. पलीकडून आजोबाच बोलत होते. "गुरुजी, मिरग निघाला. तुमच्या नळीतनं दिवसा दिसंल का?"

"नको आबा, तिथे सूर्य आहे. नळीतून सूर्याकडे पाहिलं तर डोळा जाईल."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "येळवशीला या. तवर मी पेरून घेतो."