अठराव्या आठवड्यात

२०२१ च्या हिवाळ्यात, उट्रेख्टला, अठराव्या आठवड्यात माझं पाणी गेलं. मग थंडी वाजून ताप चढला. गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला होता आणि बाळाचे ठोके चालूच होते. डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला टेकून सरळ म्हणाल्या, "बाळ वाचणार नाही. थांबलो तर तुमच्याही जिवावर बेतेल." गर्भपाताआधी पाच दिवस विचार करायची कायदेशीर सक्ती तेव्हा नेदरलँड्समध्ये होती (२०२३ मध्ये ती गेली), पण आईच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर ती लागू नव्हती. कळा आणणारं औषध त्याच रात्री सुरू झालं.

मुलगी झाली, ठोके आधीच थांबले होते. नर्सने तिला गार पाण्याच्या काचेच्या भांड्यात ठेवलं. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांना इकडे बऱ्याच ठिकाणी असंच ठेवतात. उघड्यावर ती नाजूक कातडी लगेच काळवंडते, पाण्यात टिकते. हातपाय पोटात असल्यासारखे सैल होतात, बोटं मोजता येतात. उरकून टाकायची घाई कुणालाच नव्हती. २०१९ पासून मृत जन्मलेल्या बाळाची नोंद सरकारी लोकसंख्या नोंदवहीत नावासकट करता येते. आम्ही केली.

बेळगावात मात्र बातमी पोचली ती 'पाडलं' अशी. एका काकूंनी गरुडपुराण काढलं. मावशीने तर त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींकडून नारायण नागबळीचा मुहूर्तच काढून घेतला. तीन दिवसांचा विधी, दोघांनी येऊन बसायचं. "दोष निघून जाईल गं," म्हणाली. मायेनंच म्हणाली, म्हणून तर पंचाईत. शिव्या देणाऱ्याचा फोन ठेवून देता येतो.

हीच मावशी २०१२ मध्ये सविता हलप्पनवारच्या बातमीनं पेटली होती. सविता बेळगावचीच, दातांची डॉक्टर, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहायची. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट, तरी ठोके आहेत म्हणून गर्भपात नाकारला. हा कॅथलिक देश आहे, असं तिला रुग्णालयात ऐकवलं गेलं. जंतुसंसर्ग अंगभर पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. २०१८ च्या सार्वमतात आयरिश लोकांनी गर्भपातबंदीची घटनादुरुस्ती रद्द केली, तेव्हा मावशीनं मला कात्रण पाठवलं होतं.

म्हणून विचारलं, "मी गॉलवेत असते तर गं?"

"तिचं वेगळं होतं."

"वेगळं कसं? तोच संसर्ग, तसेच ठोके."

"ती बिचारी गेली की गं," मावशी म्हणाली.