तेहेतीस आणि पंचेचाळीस

पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाजवळच्या वसाहतीत आम्ही उभयता राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. २०१९ सालचा मे महिना होता. हिंगोली जिल्ह्यातला उन्हाळा ज्यांनी भोगलेला नाही त्यांस तो सांगून कळावयाचा नाही. काळी माती भेगाळलेली, जलाशय आटून आत गेलेला, आणि दुपारी बारानंतर औंढ्याच्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. वसईच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या आम्हां दोघांना त्या कोरड्या झळांची सवय होण्यास पुष्कळ वर्षे लागली होती.

त्या सुट्टीत आम्ही एक काम अंगावर घेतले होते. वसईकडच्या आमच्या मूळ धर्मग्रामाच्या स्नानसंस्काराच्या जुन्या नोंदवह्या जीर्ण झाल्या होत्या. त्यांतील नोंदी संगणकावर उतरवून देण्याची विनंती फादरांनी केली. वह्या धर्मग्रामाबाहेर नेता येत नाहीत म्हणून पानांची छायाचित्रे आमच्या हाती आली. एकाने छायाचित्रावरून वाचावयाचे, दुसऱ्याने टंकलिखित करावयाचे, असा आमचा क्रम. जोआन्नेस, कतारिना, इग्नासियुस... लॅटिन वळणाची ती नावे वाचताना आमच्या आजी-आजोबांच्या पिढीची अख्खी आळी खोलीत येऊन बसे.

ही नोंदवही म्हणजे केवळ जन्माची यादी नव्हे, हे वाचकांस ठाऊक आहेच. चर्चच्या कायदेसंहितेप्रमाणे (कलम ५३५) दृढीकरण, विवाह, धर्मगुरुपदाची दीक्षा, संन्यस्त जीवनाची अखेरची व्रते, असे त्या माणसाच्या धार्मिक आयुष्यातले सारे महत्त्वाचे टप्पे त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी टिपून ठेवायचे असतात. लग्न ठरले की वर-वधू दाखल्यासाठी याच वहीकडे येतात. तेथे तारखेचा एक आकडा चुकला, तर एखाद्या घरच्या मंडपाची दोरी अडकून राहावयाची.

संगणक आमच्या पुतण्याचा होता. तो नोकरीसाठी पुण्यास गेला आणि आपले यंत्र आम्हांस देऊन गेला. आत इंटेलचा आय५-२५००के हा प्रोसेसर, २०११ साली बाजारात आलेला. वयाने म्हातारा, पण आमच्या कामास पुरून उरणारा. वसईत डिसेंबर-जानेवारीत त्याने तक्रार केली नाही. सिद्धेश्वरला आणल्यावर एप्रिलपर्यंतही ठीक चालला. मे उजाडला आणि रोज दुपारी निळा पडदा दिसू लागला. कधी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. कधी एखादे पान लिहून व्हावे आणि जतन करण्याआधीच सगळे गोठावे.

आम्ही प्रथम विजेवर संशय घेतला. खेड्यात विजेवर संशय घेण्यास पुरावा लागत नाही. यूपीएस आणला, फरक पडला नाही. मग विषाणू असेल म्हणून विंडोज नव्याने घातले. त्यात दोन दिवस गेले. मग कोणीतरी सांगितले की मेमरीची पट्टी बिघडली असेल, तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवा. लावला. सकाळी पाहतो तो एकही दोष नाही! हा निकाल आम्ही मोठ्या समाधानाने मान्य केला आणि त्यामुळेच आणखी आठवडाभर फसलो. रात्री खिडक्या उघड्या असत, पहाटे गारवा येई. शिवाय त्या तपासणीत मेमरीला काम पडते, प्रोसेसरला फारसे नाही. आजाऱ्याचा ताप उतरलेला असताना नाडी पाहावी, तसा प्रकार झाला होता.

खरा घाव निराळ्याच ठिकाणी बसला. रोजचे काम संपले की आम्ही त्या दिवसाची फाईल आवळून पेनड्राइव्हवर ठेवीत असू. अशा आवळलेल्या फाईलमध्ये मजकुराबरोबर एक पडताळ्याची संख्या लिहिलेली असते; फाईल उघडताना यंत्र ती पुन्हा काढून पाहते आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर उघडण्यास नकार देते. एके दिवशी जुन्या प्रती उघडून पाहिल्या. अकरापैकी तीन उघडेनात. म्हणजे यंत्र नुसते बंद पडत नव्हते; चालू असतानाही बिनबोभाट चुकत होते. पडद्यावर कसलीही सूचना नव्हती. आतापर्यंत लिहिलेल्या दोन वह्यांतील नोंदी मग कितपत विश्वासाच्या? त्या रात्री आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्यास फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि थोडे थांबून म्हणाला, ‘‘काका, एक सांगायचं राहिलं. गेम्ससाठी मी त्याचा वेग वाढवून ठेवला होता. काकूला सांगू नका हं.’’ काकू शेजारीच बसून ऐकत होत्या.

त्याने सांगितल्याप्रमाणे बायॉसमध्ये शिरलो. प्रोसेसरच्या आत एक ठोका चालतो. मूळ ठोका सेकंदाला दहा कोटी, आणि त्यास गुणक लावून वेग ठरतो. कारखान्यातून येताना या प्रोसेसरचा गुणक ३३ असतो, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्झ. पुतण्याने तो ४५ केला होता. दर ठोक्याला पुढच्या ठोक्याआधी आतल्या सर्व संकेतांनी आपापल्या जागी पोहोचावयाचे असते. वेळ कमी केली की त्यांस धाप लागते, म्हणून विजेचा दाब वाढवून त्यांस रेटावे लागते. मूळच्या सुमारे १.२ व्होल्टऐवजी १.३८ व्होल्ट. येथेच मेख आहे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कागदावर गुणाकार केला तेव्हा ती जवळजवळ १.८ पट निघाली. आणि चिप तापली की तेच संकेत अधिक मंद होतात. मग दाब पुरत नाही.

धरणाशेजारी राहणाऱ्यास ही गोष्ट समजावयास कठीण नव्हती. पूर्ण जलसंचय पातळी आणि धरणाचा माथा यांमध्ये अभियंते काही उंची मोकळी सोडतात, ती पुरासाठी आणि लाटांसाठी. एरवी ती फुकट गेल्यासारखी दिसते. चिप बनविणारेही वेगात तशीच मोकळी जागा सोडतात. पुतण्याने ती वापरून टाकली होती. वसईच्या थंडीत २७ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७६ अंशांवर राही, असे त्याला आठवत होते. म्हणजे खोलीपेक्षा ४९ अंश अधिक. पंखा कितीही फिरला तरी तो खोलीतलीच हवा फेकणार! आमच्या खोलीत दुपारी ४१ अंश (भिंतीवरील तापमापकाने मोजलेले). बेरीज ९०. प्रत्यक्षात पाहिले तो ९६. वरचे सहा अंश कोठून आले, हे पेटी उघडल्यावर कळले.

हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीची जाजमासारखी चादर बसली होती. कूलरच्या ओलाव्याने तिचा घट्ट लगदा झाला होता. प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट वाळून चुन्याच्या पोपड्यासारखी सुटत होती. ब्रशाने धूळ काढली, जुनी पेस्ट स्पिरिटने पुसली, तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली, पेटी भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर ओढली. गुणक ३३वर आणला, दाब मूळ ठिकाणी.

आता खरी परीक्षा. ‘प्राइम९५’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. प्रचंड मोठ्या अविभाज्य संख्यांच्या शोधासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या उपक्रमाचा हा प्रोग्रॅम. त्यात, ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत असे अवजड गुणाकार प्रोसेसरकडून करवून घेऊन पडताळता येतात. गंमत अशी की, या संख्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात ते मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) हे पौलाच्या संत फ्रान्सिसने स्थापिलेल्या मिनिम संघाचे धर्मगुरू होते. पॅरिसच्या मठात राहून ते देकार्तसारख्या विद्वानांशी पत्रव्यवहार करीत. १६४४ साली त्यांनी अशा संख्यांची एक यादी छापली. पुढे ती तपासली तेव्हा तीत पाच चुका निघाल्या. दोन घातांक भलतेच आले होते आणि तीन राहून गेले होते. एका धर्मगुरूच्या चुकलेल्या यादीच्या नावाने आज जगभरचे प्रोसेसर खरे-खोटे ठरतात, हे वाचून आम्हांस आमच्या वह्यांबद्दल थोडा धीर आला.

पुतण्याच्या आग्रहावरून, साफसफाईच्या आधीच आम्ही जुन्या वेगावर ही परीक्षा एकदा घेऊन ठेवली होती. सहाव्या मिनिटाला प्रोसेसरने गुणाकार चुकविला होता. आता ३३वर, ऐन दुपारी, चार तास चालवूनही चूक नाही आणि तापमान ७०च्या आत.

(पुढे २०२४ साली इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर असेच अस्थिर होऊ लागल्याचे आम्ही वाचले. तेथेही गरजेपेक्षा अधिक विद्युतदाब हेच कारण निघाले, आणि कंपनीने सुधारित मायक्रोकोड देऊन हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. तेथे गुणक वाढविणारा पुतण्याही नव्हता.)

यंत्र सुधारले, पण दोन वह्या उरल्या होत्या. त्या पहिल्या पानापासून पुन्हा पडताळण्यास आम्हांस सव्वा महिना लागला. एक वाचणार, दुसरा पडद्यावर बोट ठेवणार. नाव, आईबापांची नावे, धर्ममाता-धर्मपिता, तारीख. सात चुका सापडल्या. एके ठिकाणी ३चा ८ झाला होता, दोन ठिकाणी धर्मपित्याच्या जागी बापाचे नाव गेले होते, एका मुलीला आम्ही तिच्या धाकट्या बहिणीची तारीख दिली होती. सातही चुका वाचणाऱ्याच्या नाहीतर टंकणाऱ्याच्या होत्या. प्रोसेसरची एकही नव्हती. कोणाच्या किती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

जुलैत पाऊस आला, खोली २८ अंशांवर उतरली, आणि पुतण्याचा फोन आला, ‘‘काका, आता गारवा आहे. निदान चव्वेचाळीस करायला हरकत नाही.’’

तिसरी वही सुरू व्हावयाची होती. गुणक आम्ही ३३वरच ठेवला.