ड्राय डे नव्हे, ड्राय हॉप!

‘ड्राय’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? ड्राय डे! दुकानाचं शटर डाऊन, आणि आदल्या रात्री स्टॉक कुणी आणायचा होता यावरून मित्रांमध्ये जुंपलेली. त्यामुळे पोर्टलंडला पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, ‘‘आज ड्राय हॉप करायचंय, मदतीला ये,’’ तेव्हा मला वाटलं, स्वारीनं दारू सोडली की काय! प्रकार उलटा होता. स्वारी बीअर घरीच बनवत होती.

ही गोष्ट सप्टेंबर २०२३ ची. सहा वर्षं अमेरिकेत राहिलेल्या सख्ख्या भावाकडे मी पहिल्यांदाच गेले होते. आमचं घर एकदम सोवळं. बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत. आणि इथं दादाच्या गॅरेजमध्ये झाकण लावलेली मोठी पांढरी बादली, आत एकोणीस लिटर बीअर!

‘‘घाबरू नकोस, लीगल आहे,’’ दादा म्हणाला. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरी बीअर बनवायला केंद्रीय परवानगी मिळाली. एका माणसाला वर्षाला शंभर गॅलन, पण विकायची नाही. (आपल्याकडे मात्र परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा पुढचं वाचून किचनमध्ये घुसू नका, प्लीज!)

तर फंडा असा. बीअरला कडवटपणा देतात हॉप्स. वेलीवर येणारी, छोट्या हिरव्या कणसासारखी दिसणारी फुलं. ओरेगन आणि शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात त्यांची मोठी शेती आहे. ती उकळत्या रसात घातली की कडवटपणा उतरतो, पण वास देणारी तेलं वाफेबरोबर उडून जातात. चहात आलं आधी घालायचं आणि वेलची शेवटी, तसंच काहीसं. म्हणून बीअर आंबून झाली, थंड असली, की पुन्हा थोडी सुकी फुलं नुसतीच बुडवून ठेवायची. आच नाही, उकळी नाही. हेच ड्राय हॉपिंग. कडवटपणा फारसा वाढत नाही, वास मात्र सॉलिड येतो. दादानं पाकीट फोडलं आणि गॅरेजभर पपनस सोलल्यासारखा वास सुटला. व्हरायटीचं नाव कॅस्केड.

आणि ही आयडिया आजकालची नाही हं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला जहाजानं यायची त्या बीअरच्या पिंपातही हॉप्स टाकलेले असायचे. एवढ्या लांबच्या प्रवासात ती टिकावी म्हणून. इंडिया पेल एलमधलं ‘इंडिया’ आलं ते असं.

भानगड एकच. फुलं हलकी. मलमलच्या पिशवीत पुरचुंडी बांधून सोडली तरी ती बुचासारखी वर येते. खालची फुलं भिजतात, वरची कोरडीच राहतात. मग वास कुठून उतरणार? आणि ढकलायला सारखं झाकण उघडावं, तर हवा लागून बीअरची चव जाते. म्हणून पिशवीत वजन घालायचं. काचेच्या गोट्या! काचेला स्वतःचा वास नसतो आणि ती उकळून जंतुमुक्त करता येते. दादानं मागच्या वेळी बारा घातल्या होत्या, पिशवी तरंगतच राहिली. या वेळी चाळीस आणल्या होत्या.

‘‘शाळेत असताना तुझ्याकडे बरणीभर होत्या,’’ मी म्हटलं.

‘‘तू त्यातल्या अर्ध्या हरवल्यास!’’

पातेल्यात पिशवी आणि गोट्या उकळायला ठेवल्या. पंधरा मिनिटं. पाणी खळखळायला लागलं तसा गोट्यांचा खडखडाट सुरू झाला. त्या आवाजात दादा पातेल्याकडे बघत म्हणाला, ‘‘माझी नोकरी गेलीय. आज बारावा दिवस.’’

मी गॅस बंद केला.

तीन दिवस मी याला ‘वर्क फ्रॉम होम’ समजत होते! एका मोठ्या कंपनीत होता. एक मीटिंग, दहा मिनिटं, लॅपटॉप परत. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी बघा, व्हिसाची दुसरी काही सोय करा, नाहीतर देश सोडा. नोकरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं ही बीअर करायला घेतली होती. ‘‘घरात नुसता बसून वेडा झालो असतो गं.’’

‘‘आई-बाबांना?’’

‘‘मजेत आहे म्हणून सांगितलंय.’’

मी काहीच बोलले नाही. आम्ही गार झालेल्या गोट्या पिशवीत भरल्या, वर दोन औंस, म्हणजे साधारण सत्तावन्न ग्रॅम फुलं. पिशवी गच्च भरायची नाही, कारण फुलं फुगतात. तोंड बांधलं, ओढून काढायला दोरा ठेवला, झाकण उघडून पिशवी सोडली. ती क्षणभर घुटमळली आणि सावकाश खाली गेली. झाकण बंद. आता चार दिवस थांबायचं. फार दिवस ठेवलं तर गवताची चव येते.

ते चार दिवस आम्ही खूप बोललो. दादा रोज सकाळी अर्ज पाठवायचा, दुपारी नकार वाचायचा. रविवारी आईचा फोन आला. तो ‘मजेत’ म्हणाला आणि मला एकदम ती बारा गोट्यांची पिशवी आठवली. ‘मजेत’ हा शब्दही असाच वर तरंगत राहतो, आत काहीच उतरू देत नाही. फोन ठेवल्यावर मी त्याला एवढंच म्हटलं, ‘‘दादा, मला त्यांच्याशी खोटं बोलायला लावू नकोस.’’

चौथ्या दिवशी रात्री दोरा ओढून पिशवी बाहेर काढली. चांगलीच जड झाली होती. सगळी फुलं आतपर्यंत भिजली होती. साडेआठ वाजले होते, म्हणजे पुण्यात सकाळचे नऊ. दादानं ओल्या हातानंच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

आई रडली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘तिकिटाचे पैसे आहेत ना? नसतील तर सांग.’’

बस्स, एवढंच. त्या रात्री दादा पहिल्यांदा नीट झोपला.

नोकरी काही मिळाली नाही. हॅपी एंडिंग फक्त सिनेमात! बाटल्या तयार झाल्यावर त्यानं त्या शेजाऱ्यांना वाटल्या आणि साठ दिवस संपायच्या आत तो परतला. आता हिंजवडीला जातो, ट्रॅफिकला शिव्या घालतो. शनिवारी एखाद्या ब्रुअरीत नेलं तर ग्लासात नाक खुपसून वेटरला विचारतो, ‘‘ड्राय हॉप केलीय का?’’ मला लाज वाटते.

हां, एक सांगायचं राहिलं. परवा गुढीपाडव्याला आई श्रीखंडासाठी दही टांगत होती. फडकं सापडेना म्हणून तिनं दादाच्या सामानातून एक मलमलची पिशवी काढली. उघडते तो काय, आत चाळीस गोट्या!

‘‘हे काय रे?’’

दादानं माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे. बाबांनी पेपर खाली ठेवला.

दादानं याही वेळी खरं सांगितलं. आईनं पिशवी तीनदा धुतली, चक्का तिच्यातच टांगला आणि गोट्या पुसून बरणीत भरून ठेवल्या. बाबांनी पेपर पुन्हा वर घेतला. मग पेपरमागूनच आवाज आला, ‘‘चाळीस लागतात?’’